अफ्रासियाबची बाजू घेणारे वाचक

'तिलिस्म-ए-होशरुबा' या दास्तानीबद्दल आपल्या समाजात दोन मते रूढ आहेत. पहिले मत दीनदार मंडळींचे. त्यांच्या मते हा सगळा जादूटोण्याच्या गप्पांचा कारभार आहे. वाचून वेळ जातो आणि अकीदाही बिघडतो. दुसरे मत अदबी मंडळींचे. त्यांच्या मते ही उर्दूची फार मोठी दौलत आहे, तिच्यात इस्लाम आणि कुफ्र यांची लढाई आहे आणि शेवटी सत्याचा विजय आहे. पहिले मत असणारे पुस्तक उघडत नाहीत. दुसरे मत असणाऱ्यांपैकीही पुष्कळांनी ते उघडलेले नसते.

या दोघांखेरीज वाचकांचा एक तिसरा, लहानसा वर्ग आहे. तो पुस्तक वाचतो आणि वाचून भलतेच काही बोलतो. "असद कसला हिरो?" "अफ्रासियाबचे नेमके काय चुकले?" "तिलिस्म म्हणजे इंग्रजांचे राज्यच की!" पारनेरसारख्या तालुक्याच्या गावी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवताना ही वाक्ये आम्ही मुलांच्या तोंडून ऐकली आहेत, आणि चहाच्या सुट्टीत शिक्षकांच्या तोंडूनही. ऐकणारे बहुतेक जण ती हसण्यावारी नेतात. आमचे म्हणणे असे, की होशरुबावरची खरी समीक्षा याच वाक्यांत आहे. मात्र ती मते नुसती मांडून भागणार नाही, पुस्तकावर घासून पाहावी लागतील.

आधी पुस्तकाविषयी थोडे. अमीर हमजाची दास्तान लखनौच्या मुन्शी नवल किशोर यांच्या छापखान्याने ४६ खंडांत छापली. तिच्यातला सर्वांत गाजलेला भाग होशरुबा. त्याचे पहिले चार खंड मुहम्मद हुसैन जाह यांनी लिहिले, पुढचे अहमद हुसैन कमर यांनी. १८८३ ते १८९३ या काळात सात खंड निघाले आणि पाने झाली सुमारे आठ हजार. कथेचा गाभा सोपा आहे. हमजा खोट्या खुदाचा, म्हणजे लकाचा पाठलाग करतो आहे. लकाच्या मदतीला होशरुबाचा बादशहा अफ्रासियाब येतो. होशरुबा हा जादूने बांधलेला मुलूख. त्याचे तीन भाग आहेत: जाहिर, बातिन आणि जुलमात. मधून रक्ताची नदी वाहते आणि तिच्यावर धुराचा पूल आहे. हमजाचा मुलगा बदिउज्जमान शिकारीच्या नादात या मुलखात शिरतो आणि कैद होतो. त्याला सोडवायला हमजाचा नातू असद निघतो, आणि त्याच्या दिमतीला अम्र अय्यार व त्याचे चार साथीदार. तिलिस्म असदच्याच हातून फुटणार, हे आधीपासून ठरलेले आहे.

आता पहिले मत घेऊ: असद हा नायक नव्हे. हे मत पुस्तकाच्या कसोटीवर पूर्ण उतरते. असद तिलिस्मात शिरतो, शहजादी माहजबीनवर त्याचे प्रेम जडते, आणि लवकरच दोघेही अफ्रासियाबच्या कैदेत पडतात. पुढे शेकडो पाने हा 'नायक' गुंबद-ए-नूरमध्ये बंद आहे. लढाई चालते ती अम्रच्या डोक्याने. अम्र वेष बदलतो, बेशुद्धीची दवा चारतो, जादूगरांना त्यांच्याच दरबारात गंडवतो आणि जाताना हाती लागेल ते आपल्या जंबीलमध्ये कोंबतो. तो लोभी आहे, लबाड आहे, प्रसंगी निर्दय आहे. शहजाद्याजवळ तलवार आणि नशीब आहे. अम्रजवळ फक्त अक्कल आहे. आमच्या एका विद्यार्थ्याने म्हटले, "सर, असदला नशिबाने पास केले, अम्रने अभ्यास केला." यापेक्षा नेमके वाक्य आम्हाला सुचणार नाही.

दुसरे मत जास्त अडचणीचे आहे: अफ्रासियाबचे काय चुकले? मुलूख त्याचा. परका शहजादा न विचारता हद्दीत शिरला. राजाने त्याला पकडले, तर त्यात गैर काय? पुढे त्याच्याच घरातल्या बायका फितूर झाल्या, त्याचे सरदार फुटले, आणि आठ हजार पानांच्या शेवटी तो मारला गेला. हे मत ऐकून काही मंडळी रागावतात. मूल हमजाच्या विरुद्ध बोलले म्हणजे दीनाविरुद्ध बोलले, असे त्यांना वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. दास्तानीतला हमजा हा गोष्टीतला माणूस आहे. हजरत हमजा रजि. यांच्या नावापलीकडे या परीकथांचा इतिहासाशी संबंध नाही. शिवाय जाहनी अफ्रासियाबला हास्यास्पद केलेले नाही. हास्यास्पद आहे लका. अफ्रासियाबला दरबार आहे, दबदबा आहे, बायकोचा धाक आहे, आपली माणसे जाताना होणारे दुःख आहे. किताब-ए-सामरी उघडून पुढचे पाहता येते, तरी त्याला आपला शेवट टाळता येत नाही. वाचकाला त्याची दया येते ती लेखकाने येऊ दिली म्हणूनच.

पण इथेच पुस्तक उलट उत्तरही देते. अफ्रासियाब हा होशरुबाचा मूळ मालक नव्हे. आधीचा बादशहा लाचीन. अफ्रासियाब त्याच्या हाताखाली होता आणि त्याला हटवूनच तो तख्तावर बसला. म्हणजे 'मुलूख त्याचा' हा दाव्याचा पायाच कच्चा आहे. हे दाखवले, की मूल गप्प बसत नाही. ते विचारते, "मग लाचीनचे राज्य लाचीनला द्यायचे, ते असदला का?" हा प्रश्न पुस्तकाने न सोडवलेला आहे. वाचक तिथपर्यंत पोचला तो उलटे मत धरल्यामुळे. सरळ मत धरणारा तिथे कधीच पोचला नसता.

तिसरे मत आमचे स्वतःचे आहे आणि ते अदबी मंडळींना फारसे रुचणार नाही. होशरुबाला 'इस्लाम विरुद्ध कुफ्र' या एका चौकटीत बसवता येत नाही. हमजाच्या बाजूने तिलिस्मात लढते कोण? माहजबीनची आजी माहरुख, जी स्वतः मोठी जादूगरीण आहे. सम्राज्ञी हैरतची बहीण बहार, जिचे हत्यार म्हणजे फुलांचा गुच्छ. तो फेकला की रणांगणावर वसंत फुलतो आणि शत्रू वेडे होऊन तिच्या मागे लागतात. या बायका बाजू बदलतात, पण जादू सोडत नाहीत, जादूनेच लढतात. हमजाचे लोक स्वतः जादू करत नाहीत, पण जादूच्या जोरावर लढाई टिकवतात. हा विरोधाभास दास्तानगोंना दिसत नव्हता असे कसे म्हणावे? दिसत होता, म्हणूनच तर गोष्ट रंगली. माणूस एका दिवसात एका बाजूचा दुसऱ्या बाजूला जातो तेव्हा आपले सगळे सामान घेऊनच जातो, हे त्यांना ठाऊक होते.

पुस्तकाचा जन्मही एकाच रंगाचा नाही. ज्या लखनौ-रामपूरच्या दास्तानगोंनी होशरुबा तोंडी रचली आणि वाढवली, त्यांच्यात मीर अहमद अलींच्या बरोबरीने अंबा प्रसाद रसा हे नावही येते. छापणारे मुन्शी नवल किशोर. ज्या पोराने तेराव्या वर्षाच्या सुमारास तंबाखूच्या दुकानात बसून ही दास्तान ऐकली-वाचली, ते पुढे प्रेमचंद झाले. आमची दौलत म्हणून छातीशी धरताना एवढे ध्यानात ठेवावे.

मतांप्रमाणे काही तर्कही चालतात. सर्वांत लाडका तर्क असा: तिलिस्म म्हणजे इंग्रजी राज्य. काळ जुळतो, कारण १८५७ नंतर पंचवीस-तीस वर्षांनी हे खंड छापले गेले. मोहिनी घालणारा परका मुलूख, आत शिरलेला बाहेर पडत नाही, हेही जुळते. आमचे एक सहकारी हा तर्क फार ताकदीने मांडत. पण अम्रच्या चार साथीदारांत एकाचे नाव बर्क फिरंगी आहे, त्याचे काय करायचे? फिरंगी हमजाच्या छावणीत आहे, आणि तो अम्रचा फार हुशार शागीर्द आहे. शिवाय होशरुबाची रचना छापण्याआधी तोंडी चालू होती. तेव्हा हा तर्क मोहक असला तरी पुस्तक त्याला साथ देत नाही. दुसरा तर्क खुद्द छापखान्याने पसरवला: मूळ दास्तान अकबराच्या दरबारातल्या फैजीची. त्यालाही आधार नाही. होशरुबाचे फारसी मूळ नाहीच. जुन्या नावाने मालाला भाव येतो, एवढाच त्याचा अर्थ. खोटा ठरलेला तर्कही वाया जात नाही. बर्क फिरंगीकडे आमचे लक्ष गेले ते त्या चुकीच्या तर्कामुळेच.

आमच्या विद्यार्थ्यांना हॅरी पॉटरही ठाऊक आहे, बहुधा सिनेमामुळे. स्नेप चांगला की वाईट यावर त्यांची जुंपते. पण त्या वादाचा निकाल लेखिकेने २००७ साली सातव्या पुस्तकात देऊन टाकला. होशरुबाचे तसे नाही. तिला एक लेखक नाही. जाह गेले, कमर गेले, १९२८ मध्ये दिल्लीचे मीर बाकर अली गेले आणि जुन्या दास्तानगोईची परंपरा तुटली. २००५ पासून महमूद फारुकींनी ती रंगमंचावर पुन्हा उभी केली, तीमागे शम्सुर्रहमान फारुकींचा आयुष्यभराचा अभ्यास होता. पण अफ्रासियाबविषयी अखेरचा शब्द सांगायला कोणी उरलेले नाही. निकाल वाचकांनीच आपसांत, पुस्तक समोर ठेवून करायचा आहे.

आपल्याकडे हे का घडत नाही? एक कारण जुने आहे. नझीर अहमद यांच्या 'तौबतुन्नसूह' (१८७४) या कादंबरीत सुधारलेला बाप आपल्या मुलाची पुस्तके जाळून टाकतो. नझीर अहमद थोर लेखक, समाजाच्या भल्यासाठी तळमळणारे. पण ती आग आपल्या मनातून अजून विझलेली नाही. पुस्तक एक तर जाळायचे, नाही तर जुझदानात बांधून उंच फडताळावर ठेवायचे. त्याच्याशी भांडायचे ही तिसरी रीत आपण शिकलो नाही. दास्तानीबाबत जी सवय लागते ती पुढे इतिहासाबाबत, कायद्याबाबत, पुढाऱ्यांबाबतही राहते. वर्गात "अफ्रासियाबचे काय चुकले?" असे विचारणाऱ्या मुलाला आपण खाली बसवले, तर तो पुढे कोणालाच काही विचारणार नाही.

मराठीने हे काम करून दाखवले आहे. इरावती कर्वे यांचे 'युगान्त' आणि शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय', दोन्ही १९६७ ची. बाईंनी महाभारतातल्या थोरांना माणसांच्या मापाने मोजले, भीष्मालाही सोडले नाही. सावंतांनी हरलेल्या बाजूच्या कर्णाला नायक केले. दोन्ही मते तेव्हा सर्वमान्य नव्हती. महाभारत त्यामुळे लहान झाले का? उलट ज्यांनी मूळ ग्रंथ कधी हाती घेतला नसता, ते त्याच्याकडे वळले. आम्ही मराठी बोलणारे मुसलमान या दोन्ही पुस्तकांचे वाचक आहोत. मग ही रीत आपल्या उर्दूच्या शेल्फाला का लावू नये? कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात अरबी सुरस गोष्टी मराठीत आणल्या आणि त्या घरोघर वाचल्या गेल्या. होशरुबा मात्र मराठी वाचकापर्यंत फारशी आलेली नाही. दोन्ही भाषा ज्यांच्या घरात नांदतात, त्यांनी हे काम करायचे नाही तर कोणी?

आमच्या मतांवर आक्षेप येतील आणि ते यावेत. होशरुबात कंटाळवाणी पाने पुष्कळ आहेत. तीच बेशुद्धीची दवा, तीच सुटका, तीच लढाई पुन्हा पुन्हा येते. शम्सुर्रहमान फारुकी सांगत, की ही ऐकण्याची कला आहे, तिला कादंबरीचे माप लावू नये. ते खरे आहे. पण आज आम्ही ती वाचतो, आणि वाचताना कंटाळा येतो हेही खरे आहे. काही प्रसंगांत बायकांविषयी आणि दुसऱ्या धर्मांविषयी जे लिहिले आहे ते आज वर्गात मोठ्याने वाचता येत नाही. मुलांसाठी निवड करावीच लागते. हे झाकून होशरुबाची तारीफ करणे म्हणजे तिला पुन्हा जुझदानात बांधणे.

उलटे मत मांडणाऱ्यालाही आम्ही एक शर्त घालतो: मत कोणतेही धरा, पण पुस्तकातला प्रसंग दाखवा. अफ्रासियाबची बाजू घेणाऱ्याने लाचीनचे उत्तर द्यावे. असदला नायक म्हणणाऱ्याने गुंबद-ए-नूरमधली ती शेकडो पाने मोजून दाखवावीत. तिलिस्मात इंग्रज पाहणाऱ्याने बर्क फिरंगीला कुठे बसवायचे ते सांगावे. आणि आमचे मत ज्यांना पटले नसेल त्यांनी बहारच्या गुच्छाचा एखादा प्रसंग मराठीत उतरवून याच अंकाच्या पुढच्या वर्षी छापावा, आणि खाली आमचे काय चुकले ते लिहावे. आम्ही तो वर्गात वाचून दाखवू.