राजा, प्रधान आणि इतर

माणसाने बी.कॉम. व्हावं, बँकेत चिकटावं, दोडामार्गला बदली आली तर तीही घ्यावी. पण मुलाच्या कॉम्प्युटरमध्ये डोकावू नये, असं माझं आता स्पष्ट मत झालं आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी हा नियम मोडला. चिरंजीव 'फायनल फँटसी बारा' नावाचा जपानी खेळ मांडून बसले होते. खेळ २००६ सालचा, म्हणजे चिरंजीवांपेक्षा वयाने मोठा.

"यात हीरो कोण?" मी विचारलं. मध्यंतरानंतर थिएटरात शिरलेला माणूस शेजाऱ्याला विचारतो, त्या सुरात.

"वान," तो म्हणाला आणि अडखळला. "म्हणजे आपण त्याला चालवतो. पण खरी गोष्ट राजकन्या ॲशची आहे. तिचं राज्य साम्राज्याने गिळलंय. शिवाय बाश नावाचा सरदार आहे, त्याच्यावर राजाच्या खुनाचा खोटा आळ. आणि बाल्थिअर म्हणून एक चाचा आहे, काका नव्हे बाबा, विमानातला लुटारू! तो तर उघड सांगतो की हीरो मीच."

"मग हा वान काय करतो?"

"काही नाही. तो नुसता बरोबर असतो."

"म्हणजे तुमच्यासारखाच!" स्वयंपाकघरातून आवाज आला. आमच्या हिला खेळातलं काही कळत नाही, पण माझ्यातलं सगळं कळतं.

वाक्य जिव्हारी लागलं. वीस वर्षं मी काउंटरच्या या बाजूला आहे. माणसं पलीकडून येतात, कोणी घर बांधतो, कोणी मुलीचं लग्न काढतो, कोणी काजूची बाग घेतो. मी नुसता बरोबर असतो. शिक्क्यासकट.

नायक कोण हा प्रश्न घेऊन मी दुसऱ्या दिवशी कामावर गेलो आणि बरोबर त्याच दिवशी काउंटरवर एक राजा येऊन उभा राहिला. सत्तरीच्या आसपासचं वय, हातात पिशवी, कानाच्या पाळीमागे राहिलेला थोडासा रंग. खात्याची माहिती नव्याने भरायची होती.

"व्यवसाय?" मी विचारलं.

"दशावतारी."

मी कॉम्प्युटरकडे पाहिलं. तिथे नोकरी होती, शेती होती, व्यापार होता, गृहिणीसुद्धा होती. दशावतारी नव्हता. खाली एकच दार उघडं होतं, 'इतर'. चाळीस वर्षं राजपार्टी केलेल्या माणसाला मी एका बोटाने 'इतर' केलं. "रात्री राजा नि सकाळी डोक्यावर बोजा" असं आमच्या या मुलखात दशावताऱ्यांबद्दल म्हणतात. त्यात बोजा बँकेने वाढवला.

"सायबानू, आज रातीक जत्रेक येवा," जाताना ते म्हणाले. "आता राजा नाय हां. आता मी प्रधान."

मी गेलो. अपराधी माणूस नाटक फार मन लावून बघतो, म्हणून त्या रात्रीचं परीक्षण लिहायचा अधिकार मला आहे असं मी समजतो.

ज्यांनी दशावतार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. इथे लिहिलेलं नाटक नसतं. कथानक काय आणि कोण कोणामागून येणार एवढं आधी ठरतं. बोलायचं ते ज्याने त्याने उभ्या उभ्या. तालमीची भानगड नाही. बायकांची कामंही पुरुषच करतात. राजाचं सिंहासन म्हणजे बाकडं. तेच पुढे रथ होतं, तेच पर्वत. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीला 'सीतास्वयंवर' केलं, त्यातही पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं बोलायची ती मनानेच. लिखित संहिता असली की नायक पहिल्या पानावर छापलेला सापडतो. इथे तो रात्रभर शोधावा लागतो.

मी तो हिशेबाच्या पद्धतीने शोधला. एकेक नाव खोडायचं आणि तेरीज जुळते का बघायची.

पहिला उमेदवार संकासुर. काळा वेष, तोंडावर काळा बुरखा, लोंबती लाल जीभ. वेद चोरणारा हा असुर चक्क मालवणीत बोलतो. पोरं घाबरतात आणि त्याच्याच मागे धावतात. पण पूर्वरंगातच विष्णू त्याचा वध करतो आणि खरं आख्यान त्याच्यावाचून सुरू होतं. टाळ्यांचा एवढा मोठा आकडा, पण कोणत्या खात्यावर टाकावा कळत नाही. मी तो उचंत खात्यात ठेवला.

दुसरे उमेदवार वादक. पायपेटी, पखवाज आणि झांज. ही तीन नावं खोडली तर राजाला चालतासुद्धा येत नाही, कारण त्याचं पाऊल पखवाजावर पडतं. पण हे झालं भांडवल. भांडवलाला कोणी नायक म्हणत नाही.

तिसरा उमेदवार अर्थात राजा. त्या रात्रीचा राजा तरुण होता, देखणा होता, आवाज खणखणीत होता. दरबार भरला, शत्रूचा दूत निरोप सांगून गेला, आता राजाने गरजायचं. आणि राजा गप्प! शब्द सापडेनात. पखवाजवाल्याने एक तुकडा वाजवून वेळ दिला, तोही संपला. पहाटेचे तीन वाजलेले. झोपलेली माणसं त्या शांततेनेच जागी झाली.

तेव्हा प्रधान पुढे आला. आमचा 'इतर'. त्याने कमरेत वाकून हात जोडले आणि सभेला सांगितलं, महाराज गप्प आहेत म्हणून कोणी भिऊ नये, महाराज गप्प असतात तेव्हा शत्रूने भ्यावं; गेल्या वेळी असे गप्प झाले होते तेव्हा तीन राज्यं शरण आली होती. मग राजाकडे वळून म्हणाला, "महाराज, आता तरी आज्ञा करा, सैन्य खोळंबलंय!" राजाला धागा सापडला. तो असा गरजला की मंडपामागचा चहावालाही बाहेर येऊन बघू लागला. टाळ्या पडल्या. त्या राजाला पडल्या. प्रधान एक पाऊल मागे सरकून पुन्हा हात जोडून उभा राहिला होता.

झालं, मी मनात निकाल दिला. खरा नायक प्रधान! घरी जाऊन चिरंजीवांना सांगायचं वाक्यही जुळवून ठेवलं.

सकाळी खेळ संपल्यावर रंग पुसत बसलेल्या त्यांना मी ते ऐकवलंही. "काका, काल खरे राजे तुम्हीच."

ते हसले. "नाय ओ. राजाचा काम सोपा. मुकुट घातलो की झालो. पण त्येका राजा म्हणणारो कोणतरी होयो मां? माका राजा केल्यात, तर माका तसा म्हणणारो खयसून हाडतल्यात?"

माझी तेरीज फिसकटली ती इथे. प्रधानाला राजा करायचा तर नवा प्रधान शोधावा लागतो. प्रश्न सुटत नाही, एक घर पुढे सरकतो. आपण मराठी वाचकांनी हेच केलं आहे. १९६७ साली 'मृत्युंजय' आलं, १९७३ साली 'राधेय' आलं आणि घरोघरी महाभारताचा नायक अर्जुनाऐवजी कर्ण झाला. मुकुटाचं डोकं बदललं. मुकुट एकच राहिला.

आणि गंमत म्हणजे उत्तर मी कॉलेजच्या पहिल्या वर्षात शिकलो होतो. द्विनोंदी पद्धत! कुठलीही रक्कम एका बाजूला लिहिताच येत नाही. जमेला नावे लागते. राजाचं राजेपण जमा होतं तेव्हा कुणाचं तरी वाकणं नावे पडलेलं असतं. दोन्ही नोंदी मिळून व्यवहार एक. नायक ही अर्धी नोंद आहे, आणि आपण टीकाकार उरलेली अर्धी पान उलटून बघत नाही. त्या जपानी खेळवाल्यांनी मात्र बघितली असावी. लढाईत कोणालाही पुढे करा, पण गावात शिरलं की चालायचं वानच्या पायांनी. राज्य राजकन्येचं, ते बघायला डोळे मात्र त्या उनाड पोराचे.

त्या दिवशी मी ते खातं पुन्हा उघडलं. 'इतर' बदलता येईना. पण त्याखाली तपशिलाची एक रिकामी ओळ असते, जी कोणी भरत नाही. तिथे मी लिहिलं : 'दशावतारी कलावंत, राजपार्टी व प्रधान.' कॉम्प्युटरने मुकाट्याने घेतलं.

संध्याकाळी चिरंजीवांना द्विनोंदी पद्धत समजावू लागलो. "अरे, वान नसेल तर राजकन्येला राजकन्या म्हणणार कोण?"

"बाबा, जरा सरका ना. स्क्रीन दिसत नाही."

मी सरकलो. उठलो मात्र नाही. नुसता बरोबर बसून राहिलो.