काळा घोडा : नाव, शिल्प आणि सार्वजनिक स्मृती

प्रस्तावना

प्रसिद्ध स्थळांविषयी लिहिताना त्यांच्यामागील ‘आश्चर्यकारक कथा’ सांगण्याची प्रथा रूढ आहे. मुंबईच्या काळा घोडा परिसराची अशी कथा सर्वपरिचित आहे : पुतळा गेला, नाव मात्र राहिले. ही कथा खरी असली तरी अपुरी आहे. नवल सांगून झाले की कुतूहल शमते. पुतळा कोणाचा, कोणी व कशासाठी उभारला, हे प्रश्न मागे पडतात. प्रस्तुत लेखात या प्रश्नांच्या आधारे सदर कथेची चिकित्सा केली आहे.

स्वार आणि घोडा

ब्रिटिश युवराज (पुढे सातवा एडवर्ड) १८७५ मध्ये मुंबईत आला. त्या भेटीच्या स्मरणार्थ आल्बर्ट ससून यांनी शिल्पकार जोसेफ एडगर बोहम याने घडविलेला युवराजाचा अश्वारूढ पुतळा १८७९ मध्ये शहराला भेट दिला. ससून हे बगदादहून आलेले ज्यू घराणे. त्याची संपत्ती कापूस, अफू इत्यादींच्या व्यापारातून उभी राहिली होती. त्यामुळे हा पुतळा केवळ राजनिष्ठेचे नव्हे, तर साम्राज्यसत्ता आणि व्यापारी भांडवल यांच्या परस्परसंबंधाचेही प्रतीक ठरतो. लोकांनी मात्र स्वाराला वगळून घोड्यावरून जागेला नाव दिले. या नामकरणाला जाणीवपूर्वक केलेला निषेध म्हणणे धाडसाचे होईल. पण सत्तेने ज्याला थोर मानले त्याची लोकभाषेने दखल घेतली नाही, एवढे निश्चित. १९६५ मध्ये पुतळा तेथून हलविण्यात आला. आज तो भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात आहे.

स्वाराविना पुनरागमन

१९९९ मध्ये या परिसरात कला महोत्सव सुरू झाला. रोमन लिपीत ‘ळ’ हरवतो आणि ‘काळा’ व ‘कला’ यांतील अंतर पुसट होते. परिसराच्या नव्या ओळखीला हा योगायोग पोषकच ठरला. २०१७ मध्ये येथे नवा काळा घोडा बसविण्यात आला. त्याच्यावर स्वार नाही. लोकभाषेने केलेली निवड शिल्पात उतरली, ही बाब स्वागतार्ह आहे. तथापि स्वाराबरोबर युवराज, ससून आणि अफूचा पैसा यांचा इतिहासही दृष्टिआड होण्याचा धोका संभवतो. वसाहतीचे चिन्ह दूर करणे आणि वसाहतीचा इतिहास समजून घेणे या भिन्न गोष्टी आहेत.

या संदर्भात अरुण कोलटकर यांचा ‘काळा घोडा पोएम्स’ (२००४) हा इंग्रजी काव्यसंग्रह महत्त्वाचा वाटतो. पुतळा हटल्यानंतरचा हा चौक त्यांनी माणसांनी भरलेला पाहिला. झाडलोट करणाऱ्या स्त्रिया, पदपथावरील इडलीची न्याहारी, वाहतूक बेटावर पहुडलेला भटका कुत्रा यांना या कवितेत मध्यवर्ती स्थान आहे. आल्बर्टचे पिता डेव्हिड ससून हेही तेथे एका कवितेचा विषय होतात. म्हणजे वर्तमानातील उपेक्षितांकडे पाहताना कवी भूतकाळाकडे पाठ फिरवत नाही. आश्चर्यकथेत नेमका याच दुहेरी दृष्टीचा अभाव आहे.

निष्कर्ष

स्थळकथा त्याज्य नाहीत. विद्यार्थ्याला इतिहासाकडे नेणारे ते सुलभ द्वार आहे. मात्र अध्यापकाने द्वाराशीच थांबू नये. ‘नाव कसे पडले?’ या प्रश्नाला ‘या नावाने कोणाचा विसर पडला?’ या प्रश्नाची जोड दिली, तरच स्थळाची कथा समीक्षेचा विषय होऊ शकते.