भांडण पुरे, गाणं ऐकवा

परवा रात्री पिंक फ्लॉइड या रॉक बँडच्या उत्तरार्धावरची एक अनधिकृत चित्रफीत पाहिली. अडीच तासांची. संपल्यावर बराच वेळ झोप आली नाही, कारण राग आला होता. रॉजर वॉटर्स 1985च्या डिसेंबरात बाहेर पडला, पुढच्या वर्षी बँडच्या नावावरून कोर्टकचेरी झाली, 1987च्या नाताळाच्या सुमारास डेव्हिड गिल्मरच्या 'ॲस्टोरिया' या हाउसबोटीवर तडजोड झाली, हे सगळं तारीखवार होतं. 1994च्या 'द डिव्हिजन बेल' या अल्बमला मात्र जेमतेम सहा मिनिटं मिळाली, आणि त्या सहा मिनिटांत 'वेअरिंग द इनसाइड आउट' या गाण्याचं नावसुद्धा नाही.

हे गाणं रिक राइट गातो. 'द वॉल'च्या वेळी वॉटर्सने ज्याला बँडबाहेर काढलं, 1980-81च्या प्रयोगांत जो पगारी वादक म्हणून बसला, 'द फायनल कट'मध्ये जो अजिबात नाही, आणि 1987च्या अल्बमच्या वेष्टनावर ज्याचं नाव पाहुण्या वादकांच्या यादीत छापलं गेलं, तोच हा राइट. 'डार्क साइड ऑफ द मून'नंतर, म्हणजे 1973नंतर, फ्लॉइडच्या स्टुडिओ अल्बमवर तो पहिल्यांदाच मुख्य आवाजात गात होता. सुरुवातीला डिक पॅरीचा सॅक्सोफोन येतो. 'डार्क साइड' आणि 'विश यू वेअर हिअर'वर ऐकलेला तोच सॅक्सोफोन, इतक्या वर्षांनी घरी परतल्यासारखा. मग राइटचा आवाज. खालच्या पट्टीतला, दमलेला, शब्द जपून टाकणारा. मागच्या गायिका त्याला जणू हात देऊन उठवतात, आणि मधल्या भागात गिल्मर ते गाणं आपल्या खांद्यावर घेतो. माणसं एकमेकांपासून कशी तुटली आणि पुन्हा कशी बोलू लागली, हे या एका गाण्यात जेवढं कळतं तेवढं वकिलांच्या पत्रव्यवहारात कळत नाही. अडीच तासांत त्यासाठी जागा नव्हती.

अधिकृत चित्रपटांबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. तिथे संगीत भरपूर असतं आणि ज्यांच्याबद्दल बोलायचं त्यांचीच परवानगी घेऊन बोललेलं असतं. 'वॉटर्सशिवाय फ्लॉइड नाहीच' म्हणणारे आणि 'गिल्मरच खरा फ्लॉइड' म्हणणारे, दोघांच्याही चित्रफिती पहिल्या पाच मिनिटांत बंद कराव्यात. 1989च्या जुलैत व्हेनिसच्या पाण्यावर तरंगत्या रंगमंचावर झालेला कार्यक्रम आणि नंतरचा कचरा यांवर तर इतकं बोलून झालंय की त्या रात्री काय वाजलं हे कुणाला आठवतच नाही.

मला आस्था आहे ती एका वेगळ्या जातीबद्दल. 2000नंतरच्या दशकात ब्रिटनमध्ये 'क्रिटिकल रिव्ह्यू' असं बिरुद लावलेल्या डीव्हीडी निघू लागल्या. 'इनसाइड पिंक फ्लॉइड'चा 1975 ते 1996 हा दुसरा भाग त्यांतलाच. या जातीच्या डीव्हीडींना लोकांनी स्वस्तातला माल म्हणून हिणवलं: बँडची मुलाखत नाही, गाणी पुरी नाहीत, खुर्चीत बसून बोलणारी माणसं. पण ते 'क्रिटिकल' हे बिरुद कुठून आलं ते पाहा. ब्रिटनच्या 1988च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 30 सांगतं की टीका किंवा समीक्षा करण्यासाठी, मूळ कृतीचा उल्लेख करून, तिचा रास्त वापर करता येतो. परवानगी लागत नाही. म्हणजे ज्याला बँडने दार उघडलं नाही, त्याला गाण्याचा तुकडा वाजवायचा असेल तर त्या तुकड्याबद्दल काहीतरी म्हणावंच लागतं. समीक्षा हेच त्याचं प्रवेशपत्र. 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' या चित्रपटाचे तुकडे परवानगीशिवाय दाखवले म्हणून चॅनल फोर या ब्रिटिश वाहिनीला कोर्टात खेचलं होतं, तेव्हा 1993मध्ये अपील कोर्टाने चॅनलच्या बाजूने निकाल दिला. तुकडे थोडेथोडके नव्हते, तरीही. आपल्याकडच्या 1957च्या कायद्यातल्या कलम 52मध्येही समीक्षेसाठी हीच मोकळीक आहे.

त्या डीव्हीडींचं सगळंच चांगलं होतं असं मी म्हणत नाही. पण या जातीत जेव्हा एखादा वादक हातात गिटार घेऊन एक सुरावट उलगडून दाखवतो आणि लगेच मूळ तुकडा वाजतो, तेव्हा मला खरी समीक्षा भेटते. वामनराव देशपांड्यांनी 'घरंदाज गायकी'त घराण्यांची मांडणी स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये केली, गाणं ऐकून केली. मराठी वाचक त्या शिस्तीवर वाढलाय. रॉकबद्दल बोलताना तीच शिस्त का सोडायची?

आता हातातला पुरावाच घ्या. 1987चा 'अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन' 2019मध्ये 'द लेटर इयर्स' या संचात नव्याने मिश्रण करून आला. निक मेसनचे ड्रम नव्याने वाजवून घेतले, राइटच्या कीबोर्डला जास्तीची जागा दिली. म्हणजे बँडने स्वतःच मान्य केलं की मूळ अल्बमवर हे दोघे कमी पडले होते. तिथे बरेचसे ड्रम जिम केल्टनर आणि कार्माइन अपीस यांच्यासारख्यांनी वाजवले होते किंवा यंत्राने. फ्लॉइडच्या उत्तरार्धावर याहून मोठा समीक्षेचा ऐवज दुसरा नाही. एकच अल्बम, बत्तीस वर्षांच्या अंतराने दोनदा. शेजारी शेजारी ठेवा आणि ऐकवा. मी पाहिलेल्या एकाही अनधिकृत चित्रफितीने हे केलेलं नाही. त्यांनी 2019च्या संचाची बातमी दिली, किंमत सांगितली, वॉटर्सला काय वाटलं असेल याची चर्चा केली.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं: गाणं वाजवलं की यूट्यूबची यंत्रणा चित्रफीत अडवते. 2007पासूनची कंटेंट आयडी आवाज जुळवते, हेतू विचारत नाही, हे खरं आहे. टीकेसाठी वाजवलेले वीस सेकंद आणि चोरून वाजवलेलं गाणं तिला सारखंच. पण आक्षेपाला उत्तर देण्याची सोय तिथे आहे, आणि कायदा आपल्या बाजूने आहे. त्या सोयीचा वापर न करता संगीतच गाळून टाकायचं, त्या जागी ढग, लाटा आणि कोर्टाच्या इमारतींची तयार दृश्यं लावायची, वर यंत्राच्या आवाजात निवेदन चढवायचं, आणि याला संगीतावरचा माहितीपट म्हणायचं? ज्या हक्कासाठी चॅनल फोर कोर्टात लढलं तो हक्क ही मंडळी न मागताच सोडून देतात. बँडने त्यांना बंदी केलेली नाही. त्यांनी ऐकणंच सोडलंय. भांडणाला परवानगी लागत नाही, ते फुकट सांगता येतं, म्हणून भांडणच सांगतात.

आणि ऐकवायला फार लागत नाही. त्याच 1987च्या अल्बममधलं 'सॉरो' घ्या. गिल्मरने ते हाउसबोटीवर ड्रम मशीन लावून बांधलं, आणि अल्बमवर तेच मशीन राहिलं. सुरुवातीचा गिटारचा तो घोंगावणारा, खर्जातला आवाज लॉस एंजेलिसच्या एका स्पोर्ट्स अरीनात, तिथल्या मोठ्या ध्वनियंत्रणेतून सोडून मुद्रित केला. आता 1988च्या 'डेलिकेट साउंड ऑफ थंडर'वरचं 'सॉरो' लावा. मागे मेसन आणि गॅरी वॉलिस वाजवतायत, कीबोर्डवर राइट आहे. आधीचे वीस सेकंद, नंतरचे वीस सेकंद. पहिल्यात ठोका घड्याळासारखा पडतो. दुसऱ्यात तो माणसाच्या हातून, किंचित मागे रेलून येतो आणि गिटारला श्वास घ्यायला जागा मिळते. एवढं ऐकवल्यावर निवेदकाने गप्प बसावं, आणि दुसरा तुकडा पुन्हा एकदा लावावा.