मुखवटा, मल्लयुद्ध आणि हास्य

वीर आणि हास्य हे दोन रस एकाच प्रसंगात नांदू शकतात काय, हा आपल्या साहित्यशास्त्रातील जुना प्रश्न आहे. तो पुन्हा विचारण्यास एक अगदी अर्वाचीन व काहीसे अनपेक्षित निमित्त घडले आहे. २००८ साली अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर ‘द मिडलमॅन’ नावाची विनोदी मालिका दाखविली गेली. हाविएर ग्रिलो-मार्क्सुआख हे तिचे जनक. अवघ्या बारा भागांत ती संपली. तिच्या तिसऱ्या भागात, ‘द सायनो-मेक्सिकन रेव्हलेशन’ मध्ये, चिनी युद्धकलेचा एक गुरू नायकाच्या तरुण शिष्येला शिकविण्यास येतो, आणि त्याच्याशी जुने वैर असलेले मुखवटाधारी मेक्सिकन मल्ल त्याच्यावर चालून येतात. अशा कृतीची दखल संशोधनपर नियतकालिकात का घ्यावी, असा आक्षेप येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, आपली रसचर्चा नव्या सामग्रीवर पारखून पाहिली नाही तर ती केवळ पाठांतराचा विषय होऊन बसेल.

प्रथम शास्त्राचे मत पाहू. दशरूपकांपैकी ‘व्यायोग’ हा युद्धप्रधान प्रकार. त्यात बाहुयुद्धास, म्हणजे ‘नियुद्धा’स, स्थान आहे, मात्र शृंगार व हास्य हे दोन रस त्यातून वगळलेले आहेत. ‘डिम’ या प्रकारासही हाच निर्बंध आहे. उलट हास्यासाठी ‘प्रहसन’ हे स्वतंत्र दालन राखून ठेवले आहे. म्हणजे शास्त्रकारांनी आखाडा आणि हास्यशाळा यांच्यामध्ये भिंत घातली. अभिनवगुप्ताने मात्र या भिंतीला एक दार ठेवले. कोणताही रस अनौचित्याने प्रवृत्त झाला की तो हास्याचा विभाव होऊ शकतो, असे तो मानतो. या मताप्रमाणे विनोदी युद्ध म्हणजे वीराचा आभास होय.

परंतु प्रत्यक्ष नाट्यकृती शास्त्राच्या पुढे असते. भासाच्या नावावर असलेले ‘मध्यमव्यायोग’ घ्या. घटोत्कच ब्राह्मणाच्या मधल्या मुलाला ‘मध्यमा’ अशी हाक मारतो, आणि ती ऐकून पांडवांतील मधला भीम समोर उभा राहतो. पुढे पिता-पुत्रांचे युद्ध जुंपते. भीमाला नाते उमगलेले आहे; पुत्राला नाही. येथे युद्ध खोटे नाही, बळही खोटे नाही, तरीही प्रेक्षकाच्या ओठांवर स्मित उमटते. हा वीराचा आभास नव्हे. एकाला ठाऊक असलेले दुसऱ्याला ठाऊक नाही, या विषमतेतून हे हास्य जन्मते. मधल्या पुरुषाचे नाव मिरविणाऱ्या त्या अमेरिकन मालिकेचे हास्यही याच कुळातील आहे. तिचा नायक दूध पितो, अपशब्द उच्चारीत नाही, आणि अत्यंत हास्यास्पद संकटाला अत्यंत गंभीर चेहऱ्याने सामोरा जातो. गंभीर आहे तो नायक. परिस्थितीची विसंगती ठाऊक आहे ती आपल्याला.

या हास्यात मुखवट्याचे कार्य कोणते? मेक्सिकोतील ‘लुचा लिब्रे’ ही कुस्ती १९३३ पासून व्यावसायिक स्वरूपात संघटित झाली. तेथे मल्लाचा मुखवटा हेच त्याचे नाव, आणि मुखवटा पणाला लावून हरणे हा सर्वांत मोठा पराभव. ‘एल सांतो’ (१९१७–१९८४) हा त्या परंपरेचा महापुरुष. चित्रपटांतही तो मुखवट्यासह वावरला आणि मुखवट्यासहच त्याचे दफन झाले. आपल्याकडील कुस्ती याच्या नेमकी उलट आहे. गावच्या जत्रेत नारळाच्या कुस्तीपासून शेवटच्या इनामी कुस्तीपर्यंत जो मैदानात उतरतो तो उघड्या तोंडाने, आपल्या गावाचे, तालमीचे व वस्तादाचे नाव घेऊन उतरतो. हार-जीत त्या नावावर लिहिली जाते. म्हणून मराठी मनाला कुस्तीची थट्टा सहसा रुचत नाही, आणि केलीच तर ती मंदबुद्धी पहिलवानाच्या ठराविक साच्यात अडकते. मुखवटा नसल्यामुळे हसू थेट माणसावर पडते.

मात्र आपल्या परंपरेत मुखवट्याआडचा योद्धा अजिबात नाही, असे म्हणता येणार नाही. विराटपर्वातला भीम ‘बल्लव’ नावाने आचारी होऊन राहतो आणि उत्सवात जीमूत नावाच्या मल्लाला लोळवितो. नाव झाकलेले, पण बाहुबळ झाकता येत नाही. हिंगोली जिल्ह्यातील वाचकांना ही अज्ञाताची कल्पना परकी वाटू नये. औंढा नागनाथाचे मूळ देवालय वनवासातील धर्मराजाने उभारले, अशी आख्यायिका तेथे आजही सांगितली जाते. कोकणच्या दशावतारात तर मुखवटा, युद्ध आणि विनोद ही तिन्ही अंगे एकाच पात्रात एकवटली आहेत. पूर्वरंगात येणारा संकासुर काळ्या टोपड्याने तोंड झाकतो; त्यावर लाल जीभ लोंबते. वेद चोरणारा हा असुर मालवणी बोलीत भटजीची फिरकी घेतो आणि अखेर विष्णूच्या हातून मरतो. त्याची भीती वाटते, त्याचे हसूही येते; आणि त्याच्या मरणाने कोणाचेही नाव कलंकित होत नाही.

याच ठिकाणी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. त्यानंतरच्या पौराणिक नाटकांतील राक्षसांचा थयथयाट व आरोळ्या यांवरून त्यांना पुढे ‘अललडुर्र नाटके’ असे उपहासाने म्हटले जाऊ लागले. त्यांतील राक्षसाला हसविण्याचा हेतू नव्हता. अभिरुची बदलली आणि तो हास्यास्पद ठरला. संकासुर मात्र हसविण्यासाठीच येतो. पहिले हास्य नाटकावर आहे, दुसरे नाटकातले आहे. उपरोक्त मालिका दुसऱ्या वर्गात मोडते, आणि हे तिचे खरे यश होय.

तरीही एक उणीव नजरेआड करता येत नाही. हास्य कोणावर पडते, ही विनोदी कृतीची नैतिक कसोटी आहे. पैठणच्या एकनाथांनी (१५३३–१५९९) आपल्या ‘हिंदू-तुर्क संवादा’त दोन धर्मीयांना शब्दांच्या आखाड्यात उतरविले. दोघेही एकमेकांच्या आचारावर घाव घालतात, दोघेही हास्यास्पद ठरतात, आणि अखेर दोघांचे मनोमीलन होते. त्या अमेरिकन भागात चिनी गुरू व मेक्सिकन मल्ल हे त्या त्या समाजातून आलेले नसून जुन्या चित्रपटांतून आलेले आहेत. नायकाचे सोवळेपणही थट्टेचा विषय होते, ही जमेची बाजू खरी. परंतु नायकाला घर, कर्तव्य आणि अंतःकरण लाभते, तर प्रतिपक्षाला केवळ वेष. मुखवट्याआड मनुष्य आहे याची जाणीव एल सांतोच्या प्रेक्षकाला सदैव होती. येथे मुखवटा काढला तर आत दुसरा मुखवटाच सापडेल की काय, अशी शंका येते.

यावरून असा निष्कर्ष काढता येतो की, विनोदी युद्ध म्हणजे वीराचा आभास, ही व्याख्या अपुरी आहे. युद्ध खरे राहूनही हास्य संभवते. त्यासाठी प्रेक्षकाला पात्राहून अधिक ठाऊक असले पाहिजे, आणि पराभवाचे ओझे नावावर न पडता मुखवट्यावर पडले पाहिजे. तसेच ते हास्य उभय पक्षांवर पडले, तरच त्यास औचित्य लाभते. मराठवाड्यातील विद्यार्थ्यांना ही प्रमेये पडताळून पाहण्यासाठी दूर जावे लागणार नाही. १९९९ साली परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या गावांतून सोंगी भारुडाचा फड जेव्हा उभा राहतो, तेव्हा सोंग घेणाऱ्याकडे जितके लक्ष द्यावे तितकेच प्रेक्षकांकडेही द्यावे. ते नेमके कोणत्या क्षणी हसतात आणि कोणाला हसतात, याची नोंद ठेवणे हेच या विषयातील पहिले संशोधन ठरेल.