वजन आणि वचन

बायबलच्या अनेक आवृत्त्यांच्या अखेरीस वजने-मापांचे एक कोष्टक छापलेले असते. ते पान सहसा कोणी उलगडत नाही. मिस्सामध्ये पहिले वाचन चालू असताना 'शेकेल' हा शब्द कानांवर पडतो आणि अर्थ न उमगताच विरून जातो. तेव्हा भाषांतरकाराने मूळचे शेकेल तसेच ठेवावे, की वाचकाच्या सोयीसाठी सरळ ग्रॅम-किलोची भाषा वापरावी? प्रश्न किरकोळ वाटला, तरी वचनाचा अर्थ कधी कधी त्यावरच अवलंबून असतो.

प्रथम हिशेब पाहू. यहुदाच्या प्रदेशातील उत्खननांत इसवी सनापूर्वीच्या आठव्या-सातव्या शतकांतील चुनखडीची घुमटाकार वजने मिळाली आहेत. त्यांवर शेकेलची खूण कोरलेली असते. ती काहीशी आपल्या '४' या अंकासारखी दिसते. या दगडांवरून एक शेकेल सुमारे ११.४ ग्रॅम भरतो. वीस गेरा म्हणजे एक शेकेल, असे निर्गमाच्या पुस्तकातच सांगितले आहे. त्याच पुस्तकाच्या ३८ व्या अध्यायात ६,०३,५५० पुरुषांनी प्रत्येकी अर्धा शेकेल दिल्याची नोंद असून एकूण चांदी १०० किक्कार व १,७७५ शेकेल भरली. यावरून एक किक्कार म्हणजे ३,००० शेकेल, अर्थात सुमारे ३४ किलो, हे सिद्ध होते. उलट दिशेने पाहिले, तर आपला एक किलो म्हणजे सुमारे ८८ शेकेल. आणि ५० किलोचे तांदळाचे पोते एक किक्कार व जवळजवळ १,४०० शेकेल भरेल.

तथापि हा हिशेब दिसतो तितका पक्का नाही. माने हे वजन सामान्यतः ५० शेकेलांचे धरतात. यहेज्केलच्या ४५ व्या अध्यायातील बेरीज मात्र ६० होते. राजाचे वजन, पवित्रस्थानाचे वजन आणि व्यापाऱ्यांत चालणारे वजन असे निरनिराळे उल्लेखही आढळतात. आपल्याला यात नवल वाटू नये. ब्रिटिश अमदानीतला तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ शेकेलएवढाच होता. १९५६ च्या कायद्यानंतर दशमान पद्धती आली आणि आज सराफाच्या तोंडी तोळा म्हणजे १० ग्रॅम. आजीचा तोळा आणि नातीचा तोळा एक नव्हे. तेव्हा गल्याथच्या चिलखताचे ५,००० शेकेल '५७ किलो' म्हणून छापले, की मूळच्या ढोबळ आकड्याला नसलेली काटेकोरता चिकटते.

याहून मोठी हानी अर्थाची होते. १९७६ साली पूर्ण झालेल्या 'गुड न्यूज' या इंग्रजी भाषांतराने मत्तयच्या १८ व्या अध्यायातील निर्दय चाकराच्या दाखल्यात एकाचे कर्ज लक्षावधी डॉलरांचे, तर दुसऱ्याचे थोड्याशा डॉलरांचे केले. भाषा सुबोध झाली, यात शंका नाही. परंतु मूळ दाखल्यात आकडे आहेत: दहा हजार तालांत आणि शंभर दिनार. येथला तालांत ग्रीक हिशेबाचा, ६,००० दिनारांचा. दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी, हे मत्तयच्याच २० व्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यावरून कळते. म्हणजे पहिले कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे. वर्षाला ३०० दिवस राबले तरी ते फिटायला दोन लाख वर्षे लागतील. दुसरे कर्ज शंभर दिवसांच्या मजुरीचे.

आणि शंभर दिवसांची मजुरी म्हणजे 'थोडेसे डॉलर' नव्हेत. ज्याच्या घरात रोजंदारीवर चूल पेटते, त्याला ती रक्कम सोडून देणे जड जाते. प्रभू येशूने हे दुसरे कर्ज क्षुल्लक मानले नाही. भावाने बुडवलेले पैसे किंवा बांधावरून झालेला अन्याय आपल्याला खरोखरच झोंबतो, हे दाखल्यात गृहीत आहे. झोंबणारे तेच सोडून द्या, अशी त्याची मागणी आहे. भाषांतराने रक्कम हलकी केली, की क्षमाही स्वस्त होते.

दानिएलच्या ५ व्या अध्यायातील भिंतीवरच्या लेखाचेही तसेच आहे. 'तकेल' हे शेकेलचेच अरामी रूप. 'मने' म्हणजे माने. ही वजनांचीच नावे असल्याचे फ्रेंच विद्वान क्लेर्मों-गानो यांनी १८८६ साली दाखवून दिले. जो राजा तराजूत उणा भरला, त्याच्यासमोर भिंतीवर वजनेच उमटली होती. सर्वत्र ग्रॅम छापणाऱ्या बायबलच्या वाचकाला हा धागा कसा सापडावा?

न कळलेला शब्द तसाच राखण्याचे मोल 'पीम'वरून कळते. पहिल्या शमुवेलच्या १३ व्या अध्यायात हा शब्द येतो. तो अनोळखी असल्यामुळे १६११ च्या किंग जेम्स भाषांतरात तेथे 'कानस' अवतरली. पुढे 'पीम' अशी अक्षरे कोरलेले, साडेसात ते आठ ग्रॅमांचे दगड उत्खननात हाती आले आणि उलगडा झाला: पलिष्टी लोक इस्राएली शेतकऱ्यांकडून नांगराच्या फाळाला धार लावण्यासाठी घेत तो हा दर, सुमारे दोन तृतीयांश शेकेल. ओळीत पीम दिसला, तर नाडलेला शेतकरी दिसतो. कानस घातली, की तो नाहीसा होतो.

म्हणून मजकुरात शेकेल असावा, तळटीपेत ग्रॅम असावा आणि प्रवचनात किंवा धर्मशिक्षणाच्या वर्गात तोळा यावा. कोष्टक निरुपयोगी नाही. त्याची जागा मजकुराबाहेर आहे, इतकेच.

हिब्रू भाषेत वजनाला 'एबेन' म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ दगड. पिशवीत एक मोठा आणि एक लहान असे दोन दगड बाळगू नयेत, अशी अनुवादाच्या २५ व्या अध्यायात आज्ञा आहे. ती दांडी मारणाऱ्या दुकानदाराला उद्देशून आहे, असे आपण समजतो. परंतु दुसऱ्याकडचे येणे मोठ्या दगडाने आणि स्वतःचे देणे लहान दगडाने तोलणारा निर्दय चाकर दुकानदार नव्हता.