तांबे, ॲल्युमिनियम आणि एक अपुरा तक्ता

संगणकाचा प्रोसेसर जोरात काम करू लागला की शंभर वॉटच्या जुन्या दिव्याइतकी, कधी त्याहूनही जास्त उष्णता बाहेर टाकतो, आणि तीही पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेतून. बहुतेक संगणकांत ती काढायला पंखा पुरतो. काही हौशी मंडळी मात्र पाणी फिरवतात. प्रोसेसरवर तांब्याचा पोकळ ठोकळा, एक छोटा पंप, रबरी किंवा प्लॅस्टिकच्या नळ्या आणि मोटारीत असतो तसाच, पण लहान रेडिएटर असा हा संच असतो. सुटे भाग निरनिराळ्या ठिकाणांहून आणून जोडले, की पहिला प्रश्न उभा राहतो तो रेडिएटरच्या धातूचा. तो तांबे-पितळेचा आहे की ॲल्युमिनियमचा? तांब्याच्या ठोकळ्याबरोबर ॲल्युमिनियमचा रेडिएटर साध्या पाण्यात जोडला, तर काही महिन्यांत ॲल्युमिनियमला भोके पडू शकतात आणि पाणी महागड्या सर्किटवर सांडू शकते.

आपल्या अकरावी-बारावीतील एखादा विद्यार्थी हा प्रश्न घेऊन येण्याची शक्यता आता बरीच आहे. त्याला बाजारात आणि मित्रांकडून जो सल्ला मिळतो, त्याची तपासणी येथे करायची आहे. सल्ल्याचा शेवट बहुधा बरोबर असतो. त्यामागची कारणे मात्र कच्ची असतात. विज्ञानाच्या शिक्षकाला या दुसऱ्या गोष्टीची काळजी वाटायला हवी.

पहिला सल्ला चुंबकाचा. ‘चुंबक चिकटले नाही म्हणजे तांबे.’ चुंबक तांब्याला चिकटत नाही, पितळेला चिकटत नाही आणि ॲल्युमिनियमलाही चिकटत नाही. ज्या दोन शक्यतांमध्ये निवड करायची, त्या दोन्हींचे उत्तर एकच येत असेल तर ती कसोटीच नव्हे. उलट रेडिएटरच्या बाजूच्या पट्ट्या अनेकदा पोलादी असतात. तेथे चुंबक चिकटते आणि गोंधळ वाढतो.

दुसरा सल्ला वजनाचा. याला आधार आहे. तांब्याची घनता दर घनसेंटिमीटरला ८.९६ ग्रॅम, पितळेची सुमारे साडेआठ, तर ॲल्युमिनियमची अवघी २.७०. एकाच आकाराचे दोन रेडिएटर हातात घेतले तर फरक लगेच कळतो. पण हाती एकच असेल तर? आर्किमिडीजच्या पद्धतीने पाण्यात बुडवून घनता काढता येईल. मात्र पत्र्यांच्या दाट झालरीत हवेचे बुडबुडे अडकतात आणि घनता खऱ्यापेक्षा कमी भरते. शिवाय येणारा आकडा नळ्या, झालर, पट्ट्या आणि रंग या सर्वांची सरासरी असतो.

तिसरा सल्ला रंग खरवडून पाहण्याचा. लालसर दिसले तर तांबे, पिवळे दिसले तर पितळ, पांढरे दिसले तर ॲल्युमिनियम. यातील शेवटचे अनुमान घाईचे आहे, कारण डाख आणि निकेलचा मुलामाही पांढराच दिसतो. येथे शाळेच्या प्रयोगशाळेतील एक साधी कसोटी उपयोगी पडते. खरवडलेल्या बाहेरच्या जागी सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाचा एक थेंब ठेवावा. ॲल्युमिनियम असेल तर थोड्या वेळात हायड्रोजनचे बुडबुडे उठतात. तांबे, निकेल आणि डाख तसे फसफसत नाहीत. डोळ्यांना चष्मा हवा, हातमोजे हवेत आणि नंतर ती जागा भरपूर पाण्याने धुवायला हवी.

पण या तिन्ही सल्ल्यांत एक प्रश्न विचारलाच जात नाही. आपल्याला कोणता धातू ओळखायचा आहे? क्षरण पाण्याशी भिडणाऱ्या धातूचे होते. झालर हवेत असते. ती तांब्याची असो वा ॲल्युमिनियमची, आतल्या पाण्याला त्याचे काही नाही. पाणी जोडण्याच्या तोंडाशी पितळेचा आटा दिसला, म्हणून आतल्या नळ्याही पितळेच्या ठरत नाहीत. म्हणजे थेंबाची कसोटी घ्यायची ती नळीवर किंवा टोकाच्या टाकीवर, झालरीवर नव्हे. कसोटी अचूक असूनही चुकीच्या जागी लावली, तर उत्तर चुकीच्या प्रश्नाचे मिळते.

आता कारणमीमांसेकडे वळू. ‘तांब्याचा प्रमाण विभव अधिक ०.३४ व्होल्ट, ॲल्युमिनियमचा उणे १.६६, फरक २ व्होल्ट, म्हणून क्षरण जोरात’ असे सांगितले जाते. आकडे पुस्तकातलेच आहेत. पण ते स्वच्छ धातू आणि त्याच्याच आयनांचे ठरावीक तीव्रतेचे द्रावण यांच्यासाठी आहेत. प्रत्यक्षात ॲल्युमिनियम हवेत येताच त्यावर ऑक्साइडचा पातळ, घट्ट पापुद्रा धरतो. समुद्राच्या पाण्यात मोजले तर तांबे व ॲल्युमिनियममधील फरक दोन नव्हे, सुमारे अर्धा व्होल्ट भरतो. टायटॅनियमचे उदाहरण आणखी बोलके आहे. तक्त्यात त्याचा विभव उणे १.६३, म्हणजे ॲल्युमिनियमचा सख्खा शेजारी. पण समुद्राच्या पाण्यात तो तांब्यापेक्षाही ‘उदात्त’ वागतो.

यावर कोणी म्हणेल, नळ्या तर रबरी आहेत. दोन धातू एकमेकांना टेकतच नाहीत, मग घट पूर्ण कसा होणार? हा आक्षेप चांगला आहे आणि इतिहासात त्याला आधारही आहे. ‘अलार्म’ या ब्रिटिश लढाऊ जहाजाच्या तळाला १७६१ मध्ये तांब्याचा पत्रा लोखंडी खिळ्यांनी ठोकला होता. १७६३ मध्ये पाहणी झाली तेव्हा बरेच खिळे खाऊन गेलेले आढळले. जेथे तांबे आणि लोखंड यांच्यामध्ये वेष्टनाचा कागद टिकून होता, तेथील खिळे मात्र शाबूत होते.

रेडिएटरमध्ये मात्र दुसरा मार्ग उघडा राहतो. फिरणारे पाणी तांब्याचा अगदी थोडा अंश विरघळवते. हे आयन वाहत जाऊन ॲल्युमिनियमवर तांब्याच्या सूक्ष्म ठिपक्यांच्या रूपाने बसतात. प्रत्येक ठिपका हा एक स्वतंत्र घट, आणि त्यात दोन्ही धातू एकमेकांना टेकलेलेच आहेत. म्हणून रबरी नळी पुरेसे संरक्षण देत नाही. शुद्ध पाणी वीज वाहत नाही, हा बचावही फार टिकत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि धातूंचे आयन त्याला शुद्ध राहू देत नाहीत.

तरीही एक कोडे उरते. कारखान्यातच पाणी भरून बंद केलेले शीतन संच सर्वत्र विकले जातात. त्यांपैकी बहुतेकांत ठोकळ्याचा तळ तांब्याचा आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा असतो, आणि ते वर्षानुवर्षे चालतात. तक्ता प्रमाण मानला तर ते चालायलाच नकोत! उत्तर परिस्थितीत आहे. त्या द्रवात क्षरणरोधक मिसळलेले असतात. संच बंद असल्यामुळे प्राणवायूचा पुरवठा तुटपुंजा असतो. शिवाय झिजणाऱ्या ॲल्युमिनियमचे क्षेत्रफळ मोठे आणि तांब्याचे लहान असल्याने प्रवाह विखुरला जातो. उलट तांब्याच्या मोठ्या संचात ॲल्युमिनियमचा एकच छोटा जोड बसवला, तर सगळा मारा त्याच्यावर होतो. असा बंद संच उघडून त्यात नुसते पाणी भरणारा माणूस संरक्षणच ओतून टाकत असतो, हे विद्यार्थ्याला सांगायला हवे.

आता आपल्याकडे पाहू. धातूंची अभिक्रियाशीलता श्रेणी आपण पाठ करून घेतो आणि ‘वरचा धातू खालच्याला विस्थापित करतो’ हे सूत्र देऊन थांबतो. श्रेणी चुकीची नाही. कोणता बदल आपोआप घडू शकतो हे ती सांगते. तो किती वेगाने घडेल, किंवा घडेल तरी का, याबद्दल ती गप्प असते. ही मर्यादा आपण सांगत नाही. त्यामुळे मुले तक्त्याला निकालपत्र समजतात.

हे एका तासात दाखवता येते. दोन चंचुपात्रांत मोरचुदाचे निळे द्रावण घ्या आणि प्रत्येकात ॲल्युमिनियमच्या पातळ कागदाचा तुकडा टाका. श्रेणीप्रमाणे तांबे लगेच बाहेर पडायला हवे. पण बराच वेळ विशेष काही दिसत नाही. आता एका पात्रात चमचाभर मीठ घाला. थोड्याच मिनिटांत लालसर तांबे साचू लागते, द्रावण गरम होते, निळा रंग फिकटतो. मिठातील क्लोराइडने ऑक्साइडचा पापुद्रा फोडला. श्रेणी होती तशीच राहिली. मोरचूद विषारी आहे, तेव्हा द्रावण उघड्यावर टाकू नये.

परीक्षेत ‘कोणता धातू अधिक क्रियाशील?’ एवढेच विचारण्याऐवजी आणखी एक ओळ घालावी: ‘तुमचे भाकीत कोणत्या परिस्थितीत फसेल?’ ज्याला याचे उत्तर देता येईल, तो रेडिएटर विकत घेताना चुंबक खिशात ठेवणार नाही. आधी विचारेल, ‘पाण्याला लागणारा धातू कोणता, आणि पाण्यात काय मिसळले आहे?’