'जैत रे जैत' : गाण्यांआड गेलेला चित्रपट

डॉ. जब्बार पटेल दिग्दर्शित 'जैत रे जैत' (१९७७) आज प्रामुख्याने हृदयनाथ मंगेशकर व ना. धों. महानोर यांच्या गीतांमुळे स्मरणात आहे. या कीर्तीनेच त्याच्या आशयावर अन्याय केला, असे म्हणावे लागेल. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीतून आलेला ठाकर नाग्या ढोल वाजवतो. मधमाशीच्या दंशाने डोळा गमावल्यावर तो पवित्र मानलेल्या राणीमाशीवरच सूड घेण्यास निघतो. 'आक्रोश'मधील (१९८०) मूक लहान्याची समीक्षेने योग्य दखल घेतली. श्रद्धेलाच जाब विचारणारा हा बोलका आदिवासी नायक मात्र उपेक्षित राहिला. जिव्या सोमा म्हसे यांच्या गंजाडमध्ये, तारप्यावर फेर धरणाऱ्यांसोबत तो पाहिल्यास ढोल हे निव्वळ पार्श्वसंगीत वाटत नाही. नाग्याचा 'जैत' चिंधीच्या मृत्यूने झाकोळतो. ध्वनिफितीवर हा शेवट ऐकू येत नाही.